जपानी कंपनीत माणसं शिकतात कशी? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी पुण्यात जपानी शिकवते आणि अधूनमधून कारखान्यांत इंटरप्रिटर म्हणून जाते, त्यामुळे जपानला निघालेली पोरं, तिकडे जाऊन वैतागलेली पोरं आणि इथेच जपानी साहेबाच्या हाताखाली काम करणारे लोक, सगळ्यांचे प्रश्न येतात आणि फिरून फिरून तेच येतात. म्हणून एकदाचं लिहून ठेवतेय. सोपे आधी, किचकट नंतर. एखादी गोष्ट दुसऱ्या उत्तरात आली असेल तर तिथला नंबर दिलाय.

१. जॉइन झाल्यावर आधी काय शिकवतात? माझ्या डिग्रीचा उपयोग होतो का?

सुरुवातीला फारसा नाही. मोठ्या कंपन्या अजूनही कॉलेजातून निघालेली पोरं एका घाऊक लॉटमध्ये घेतात आणि १ एप्रिलला सगळी एकदम जॉइन होतात, त्या दिवशी 'न्यूशाशिकी' म्हणजे प्रवेशाचा समारंभ, सगळे काळ्या सुटात, प्रेसिडेंटचं भाषण वगैरे. इतिहास शिकलेला मुलगा सेल्सला जातो नाहीतर थेट आयटीत, कुणाला त्यात काही वावगं वाटत नाही, कारण तुम्हाला आज काय येतं यापेक्षा हा आमच्यात मुरेल का हे बघून घेतलेलं असतं. लोणच्याची फोड निवडावी तसं.

नोकरी करणाऱ्या माणसाला जपानीत 'शाकाइजिन' म्हणतात, शब्दशः समाजातला माणूस. म्हणजे कॉलेजात होतात तोवर जणू समाजाबाहेरच होतात! मग पहिले काही आठवडे व्हिजिटिंग कार्ड दोन्ही हातांनी कसं द्यायचं, फोन कसा उचलायचा, वाकताना १५ अंश की ३० की ४५, मीटिंग रूममध्ये पाहुण्याला दारापासून लांबची खुर्ची का द्यायची, हे सगळं घोटून घेतात. आपल्या पोरांना हसू येतं. पण यातली एक गोष्ट बघा. आपण बाहेरच्याला सांगताना 'साहेब आले नाहीयेत' असं आदरानेच म्हणतो. जपानीत क्लायंटशी बोलताना स्वतःच्या साहेबाच्या नावापुढचा 'सान' काढून टाकायचा आणि त्याच्याबद्दल नम्र क्रियापद वापरायचं, कारण त्या क्षणी साहेब आणि तुम्ही दोघं 'उची' म्हणजे घरचे, आणि क्लायंट 'सोतो' म्हणजे बाहेरचा. व्याकरणाच्या नावाखाली कंपनी पहिल्याच महिन्यात तुम्हाला आपलं कोण आणि परकं कोण ते शिकवून टाकते. पुढचं सगळं शिकणं या 'उची'च्या आत होतं, हे डोक्यात ठेवून खालचं वाचा.

२. ओजेटी, ओजेटी करतात ते काय? आपल्याकडे पण असतंच की.

ओजेटी म्हणजे ऑन-द-जॉब ट्रेनिंग. असतं, पण आपल्याकडे बऱ्याचदा त्याचा अर्थ 'ट्रेनिंगचं बजेट नाही, काम करता करता शिक' एवढाच होतो. जपानमध्ये काम करता करता शिकणं हाच मुख्य रस्ता, क्लासरूममधलं ट्रेनिंग त्याला जोड म्हणून. बऱ्याच ठिकाणी नवीन माणसाच्या शेजारी वर्ष-दोन वर्षं आधी लागलेला सेन्पाई बसवतात, काही कंपन्यांत त्याला 'ब्रदर-सिस्टर' पद्धत म्हणतात. तुमचा मेल गेला की तो वाचणार, तुमचा फोन चालू असताना कान देणार. शिवाय दर काही वर्षांनी 'जिंजी इदो', म्हणजे बदली, कधी डिपार्टमेंट कधी गाव, आणि तुम्हाला फारसं विचारतही नाहीत. चांगला अकाउंट्सवाला कारखान्याच्या खरेदीत जाऊन पडतो. आपल्याला वाटतं करियर बिघडलं, त्यांच्या हिशोबात तो आता कंपनी शिकतोय.

३. सेन्पाई काही सांगतच नाही, नुसतं 'बघ' म्हणतो. मुद्दाम करतो का?

सगळ्यात जास्त येणारा प्रश्न. बहुतेक वेळा मुद्दाम नाही.

शिकाऊ माणसाला जपानीत 'मिनाराई' म्हणतात, त्यात 'मी' म्हणजे बघणं आणि 'नाराई' म्हणजे शिकणं. कारागिरांमध्ये तर म्हणच आहे की कसब शिकवून मिळत नाही, बघून चोरायचं असतं. सुशीवाल्यांकडे 'भात शिजवायला तीन वर्षं, सुशी वळायला आठ' असं म्हणतात, आणि ऑफिसातसुद्धा कंटाळलेल्या नवख्याला 'दगडावरही तीन वर्षं' ऐकवतात, म्हणजे गार दगडावर तीन वर्षं बसलास तर तोही ऊबदार होतो. आपल्याकडे जुन्या काळी गंडा बांधून गाणं शिकायला राहिलेला शागीर्द वर्षभर तंबोराच धरायचा, त्यातलाच प्रकार.

यामागे नुसता हट्ट नाही. काही गोष्टी खरंच सांगता येत नाहीत. १९८० च्या दशकात मात्सुशिता कंपनी घरगुती ब्रेड मशीन बनवत होती आणि पीठ काही केल्या नीट मळलं जात नव्हतं, तेव्हा इकुको तानाका नावाच्या सॉफ्टवेअर इंजिनियर बाई ओसाकाच्या एका हॉटेलात तिथल्या मुख्य बेकरच्या हाताखाली शिकायला राहिल्या. तो पीठ नुसतं ताणत नाही, ताणताना पीळ देतो, हे त्यांनी बघून पकडलं आणि मग ते मशीनमध्ये उतरवलं. बेकरला विचारलं असतं तर त्याने सांगितलंच नसतं, कारण आपण पीळ देतो हे त्याला स्वतःला शब्दांत माहीत नव्हतं. इकुजिरो नोनाका या मॅनेजमेंटच्या प्राध्यापकांनी हे उदाहरण जगभर नेलं.

इसेचं देऊळ पण असंच. दर २० वर्षांनी ते शेजारच्या जागेवर नव्याने बांधतात, २०१३ साली ६२ वी खेप झाली, पुढची २०३३ ला. धार्मिक कारण आहेच, पण हिशोब करून बघा, विशीत बघणारा सुतार चाळिशीत स्वतः बांधतो आणि साठीत पुढच्याला दाखवतो.

आता माझं मत. एक्सेलची फाइल कुठे सेव्ह करायची हे 'बघून चोरायची' काही गरज नसते. जे शब्दांत सांगता येतं तेही न सांगणं हा पुष्कळदा निव्वळ आळस असतो आणि त्याला परंपरेचं पांघरूण घातलेलं असतं. हे जपानी लोकही आपसात बोलतात.

४. 'शु-हा-री' म्हणजे काय? आमच्या ट्रेनरच्या पहिल्या स्लाइडवर होतं.

ट्रेनर लोकांना फार आवडतं ते. 'शु' पाळणं, 'हा' मोडणं, 'री' सुटणं. चहाविधी, 'नो' नावाचं पारंपरिक नाटक, मार्शल आर्ट, सगळीकडे शिकण्याचे हे तीन टप्पे सांगतात. ऑफिसात त्याचा व्यवहारातला अर्थ असा की पहिली काही वर्षं तुमची कल्पना कितीही भारी असली तरी आधी ठरलेला साचा, 'काता', जसाच्या तसा करून दाखवा. आपला माणूस दुसऱ्याच आठवड्यात 'हे असं केलं तर लवकर होईल' म्हणून सांगायला जातो, समोरचा 'नारुहोदो' म्हणजे 'अच्छा अच्छा' म्हणतो, आणि पुढे काहीच होत नाही.

साच्याला कमी लेखू नका मात्र. रेल्वेचे ड्रायव्हर सिग्नलकडे बोट दाखवून मोठ्याने बोलतात ते व्हिडिओ तुम्ही बघितले असतील, 'शिसा कांको' म्हणतात त्याला. १९९४ साली तिथल्या रेल्वे संशोधन संस्थेने प्रयोग केला तेव्हा काहीच न करता चुकांचं प्रमाण २.३८ टक्के होतं, बोट आणि आवाज दोन्ही वापरल्यावर ०.३८ झालं. वेडेपणा वाटतो, उपयोग होतो.

५. मग प्रश्न विचारायचे की नाही?

विचारायचे, पण कसे ते शिकावं लागतं. दोन गोष्टी एकमेकींना ओढत असतात. एकीकडे 'मेइवाकु', म्हणजे दुसऱ्याला आपला त्रास नको ही लहानपणापासून घोटलेली शिकवण, आणि 'हवा वाचणं', कुउकी ओ योमु, म्हणजे न सांगता ओळखावं ही अपेक्षा. दुसरीकडे 'होउरेन्सोउ', जे कंपल्सरी. होउकोकु म्हणजे रिपोर्ट देणं, रेनराकु म्हणजे कळवणं, सोउदान म्हणजे सल्ला घेणं, या तिघांची पहिली अक्षरं, आणि उच्चार पालक या भाजीसारखा! १९८२ मध्ये यामाताने सिक्युरिटीज कंपनीचे प्रेसिडेंट तोमिजी यामाझाकी यांनी ही मोहीम काढली आणि ती देशभर गेली. त्यांचा रोख खरं तर मॅनेजरांकडे होता, खालून वर माहिती मोकळी यावी असं वातावरण तुम्ही तयार करा म्हणून. आता मात्र ज्युनिअरला झापायलाच जास्त वापरतात, 'होउरेन्सोउ कुठे गेलं तुझं?'

आपली पोरं उलटं करतात. प्रश्न पटकन विचारतात आणि रिपोर्ट द्यायला विसरतात, 'काम झालं की सांगेनच ना'. तिथे काम अर्धं झालं, अडकलं, अगदी काहीच बदललं नाही तरी सांगायचं. आणि प्रश्न विचारताना मोकळ्या हाताने जायचं नाही, मी हे बघितलं, मला असं वाटतंय, बरोबर आहे का, अशी तयारी करून जायचं. वही नक्की न्या. वही न काढता ऐकणारा माणूस त्यांना ऐकतोय असंच वाटत नाही, आणि तोच प्रश्न दुसऱ्यांदा विचारलात तर चेहरा बघण्यासारखा होतो.

६. समोरचा 'हाइ, हाइ' म्हणत होता, म्हणजे त्याला पटलं ना?

नाही. 'हाइ' म्हणजे 'हो' खरं, पण इथे ऐकू येतंय एवढंच. 'केंतोउ शिमासु', म्हणजे विचार करतो, हे बऱ्याचदा नाहीच्या जवळचं. आपण 'बघू' म्हणतो ना, तसं.

७. चूक झाली तर काय करतात? 'हान्सेइ' म्हणून काहीतरी लिहून द्यायला सांगितलंय, घाबरलोय.

घाबरू नका. हान्सेइ म्हणजे मागे वळून स्वतःकडे बघणं, शाळेत लहान मुलांनाही करायला लावतात. प्रोजेक्ट छान झाला तरी हान्सेइची मीटिंग होते, हे आपल्या लोकांना झेपत नाही, पेढे वाटायच्या वेळी चुका काय काढतात! नवीन माणसाने लिहिताना कारणं देत बसू नये, बस उशिरा आली हे खरं असलं तरी ती सबब वाटते, आधीची बस का धरली नाही ते लिहा.

यातली चांगली बाजू टोयोटात दिसते. लाइनवरच्या कुणालाही काही बिघडलेलं दिसलं तर दोरी ओढायची, गाडी ठरलेल्या टप्प्यापर्यंत पोचेतो निस्तरलं नाही तर लाइन थांबते, आणि दोरी ओढली म्हणून कुणी ओरडत नाही. मग 'का?' पाच वेळा विचारत मुळाशी जायचं. टोयोटाच्या पद्धतीचे जनक ताइइची ओहनो तर इंजिनियरला जमिनीवर खडूचं वर्तुळ काढून त्यात उभं करायचे, तासन् तास, बघ आणि काय चुकतंय ते तूच सांग. इथेही उत्तर देत नाहीत बघा (प्रश्न ३).

८. पण हे हान्सेइ म्हणजे माणसाचा अपमानच नाही का?

होऊ शकतो, आणि झालाय. २५ एप्रिल २००५ ला आमागासाकीजवळ लोकल रुळांवरून घसरून इमारतीत घुसली, ड्रायव्हर धरून १०७ माणसं गेली. ड्रायव्हर २३ वर्षांचा. आधीच्या स्टेशनवर गाडी जागेच्या पुढे गेली होती, मिनिट-दीड मिनिटाचा उशीर झाला होता. त्या रेल्वे कंपनीत चूक करणाऱ्याला 'निक्किन क्योइकु' द्यायचे, नाव शिक्षण, पण प्रत्यक्षात दिवस दिवस ऑफिसात बसवून माफीचे निबंध, वरिष्ठांची बोलणी, साफसफाई, असले प्रकार झाल्याचं पुढे आलं. या मुलाने ते आधी भोगलेलं होतं. २००७ च्या चौकशी अहवालात असं आलं की चुकीचा रिपोर्ट काय जाणार या काळजीत त्याचं लक्ष ब्रेकवरून उडालं असावं.

दोन्हीकडे शब्द सारखेच, चूक, चिंतन, शिकणं. टोयोटात बोट कामाकडे होतं, इथे माणसाकडे. तुमच्या कंपनीत कुठलं चालतंय ते ओळखायची माझी एक साधी खूण आहे, तुमच्या हान्सेइनंतर कामाच्या पद्धतीत, फॉर्ममध्ये, मशीनमध्ये काही बदललं का ते बघा. काहीच बदललं नाही आणि फक्त तुम्ही रडलात, तर ते शिक्षण नव्हतं. कायदाही आता आहे, 'पावाहारा' म्हणजे सत्तेच्या जोरावर छळ, तो रोखणं मोठ्या कंपन्यांना जून २०२० पासून आणि छोट्यांना एप्रिल २०२२ पासून बंधनकारक आहे.

९. कायझेन, क्यूसी सर्कल हे सगळं जपानी संस्कृतीतूनच आलं ना?

अर्धंच. (कायझेन म्हणजे सतत थोडी थोडी सुधारणा, क्यूसी म्हणजे क्वालिटी कंट्रोल.) आकडेशास्त्राने मालाची गुणवत्ता कशी सांभाळायची ते शिकवायला १९५० मध्ये अमेरिकेतून डेमिंग नावाचे तज्ज्ञ आले होते, त्यांच्या नावाचं बक्षीस १९५१ पासून आहे. सुपरवायझरने नवख्याला काम कसं शिकवावं याचा कोर्सही युद्धकाळातल्या अमेरिकेचा, तो युद्धानंतर जपानला आला. जपान्यांनी केलं काय, तर ही विद्या इंजिनियरच्या टेबलावरून उचलून मशीनवरच्या माणसांच्या टोळक्याकडे दिली. १९६२ मध्ये काओरु इशिकावा आणि मंडळींनी क्यूसी सर्कल सुरू केली, आठ-दहा जण जमून आपल्याच लाइनचा प्रॉब्लेम सोडवतात.

चाकण-पिंपरीत ज्या फाइव्ह एसचे, म्हणजे कामाची जागा नीटनेटकी ठेवायच्या पाच जपानी शब्दांचे, बोर्ड लावलेले असतात त्यातला पाचवा 'शित्सुके', त्याचं भाषांतर आपण 'शिस्त' असं करून मोकळे होतो. घरी मुलांना वळण लावणं यालाही हाच शब्द, आणि शिवणकामात पक्की शिलाई मारायच्या आधी जो कच्चा धावदोरा घालतात त्यालाही. कापडाला घडी लागली की तो दोरा काढून टाकायचा असतो. हे मी एकदा शॉपफ्लोअरवर सांगितलं तेव्हा एक मावशी म्हणाल्या, 'मग आमच्या इथला दोरा कधी काढणार?'

१०. दारू पीत नाही. नोमिकाइला, म्हणजे ऑफिसच्या दारूपार्टीला, जावंच लागतं का?

उलाँगचा म्हणजे थंड चहा मागवा, कुणी विचारत नाही. पण सुरुवातीला जा, कारण दिवसा न मिळालेलं फीडबॅक तिथे मिळतं. 'आज बुरेइको, मानपान सोडा' असं साहेब म्हणाला तरी खरंच सोडू नका.

११. एवढे मेहनती लोक, मग घरी जाऊन नवीन कोर्स वगैरे करत असतीलच?

इथे सगळ्यांना धक्का बसतो. ओईसीडी या बहुतेक श्रीमंत देशांच्या संघटनेच्या प्रौढांच्या कौशल्य पाहणीत २०१३ साली वाचन आणि आकडेमोड दोन्हीत जपान पहिला होता, २०२४ च्या निकालात फिनलंडनंतर दुसरा. आणि तरी पर्सोल या संस्थेच्या २०२२ च्या १८ देशांच्या पाहणीत निम्म्याहून जास्त जपानी नोकरदारांनी सांगितलं की ऑफिसबाहेर स्वतःच्या वाढीसाठी काहीच करत नाही.

आळशी आहेत का? मला नाही वाटत. मुळात शिकणं कंपनीच्या आतलं (प्रश्न १), पुढची बदली कुठे ते माहीत नाही (प्रश्न २), मग रात्री जागून कोर्स कशाचा करायचा? केला तरी पगार पूर्वीपासून वयाप्रमाणे आणि नोकरीच्या वर्षांप्रमाणे वाढत आलेला, सर्टिफिकेटला कोण विचारतो. म्हणून 'जपानी संस्कृती अशी' म्हणण्याआधी पगाराची पद्धत बघावी. सरकार पैसे देतंय, १९९८ पासून नोकरी विम्यातून कोर्सच्या फीचा काही हिस्सा परत मिळतो, साध्या कोर्सला २० टक्के, जास्तीत जास्त १ लाख येन, आणि २०२२ मध्ये तेव्हाचे पंतप्रधान किशिदांनी रिस्किलिंगसाठी, म्हणजे नवीन कौशल्यं शिकण्यासाठी, ५ वर्षांत १ ट्रिलियन येन जाहीर केले. तुम्ही तिथे नोकरीत असाल आणि नोकरी विमा पुरेसा भरला असेल तर परदेशी असूनही तुम्हाला हे मिळू शकतं. हॅलोवर्क या सरकारी रोजगार ऑफिसात चौकशी करा.

१२. बायकांना आणि कॉन्ट्रॅक्टवाल्यांना पण असंच शिकवतात का?

नाही, आणि वर लिहिलेलं बरंचसं पर्मनंट माणसाबद्दल आहे हे मान्य करते. नोकरदारांपैकी साधारण ३७ टक्के नॉन-रेग्युलर, त्यात बायका जास्त, आणि त्यांना बदल्या नाहीत तसं शिक्षणही कमी. समान संधीचा कायदा १९८६ ला लागू झाला, तेव्हा बऱ्याच कंपन्यांनी दोन ट्रॅक पाडले, 'सोउगोउशोकु' वर चढणारा आणि 'इप्पानशोकु' मदतनिसाचा, आणि दुसऱ्यात कोण भरलं ते सांगायला नको. सेन्पाईच्या शेजारची खुर्चीच मिळाली नाही तर बघून शिकणार काय!

१३. मी टेक्निकल इंटर्न म्हणून जातोय. तिथे कौशल्य शिकायला मिळेल ना?

कागदावर ही योजना १९९३ पासून शिकवण्यासाठीच आहे, भारताशी करार २०१७ ला झाला. पण कित्येक ठिकाणी ती स्वस्त मजूर मिळवण्याचा मार्ग झाली, म्हणून तर जून २०२४ मध्ये ती बदलून 'इकुसेइ शूरोउ' आणायचा कायदा केला, त्यात ठरावीक अटींवर मालक बदलता येईल. जाण्याआधी कामाचं वर्णन जपानीत मागून घ्या आणि जपानी भाषेची एन-फोर परीक्षा तरी करून जा. भाषा नसली तर प्रश्न ५ मधलं काहीच जमत नाही.

१४. नवीन पिढी पण हे सगळं ऐकून घेते का?

कमी. 'शिची-गो-सान' म्हणून शब्द आहे, सात-पाच-तीन, नोकरी लागल्यावर तीन वर्षांत सोडणारे, आपल्या नववीपर्यंत शिकलेले दहात सात, बारावीपर्यंतचे पाच, ग्रॅज्युएट तीन, हे फार पूर्वीपासूनचं प्रमाण. ग्रॅज्युएटांचं अजूनही साधारण तेवढंच आहे. नवीन आहे ते असं की ओव्हरटाइमला २०१९ पासून महिन्याला ४५ तासांची सर्वसाधारण मर्यादा आली, त्यामुळे सेन्पाईच्या शेजारी रात्री नऊपर्यंत बसून जे झिरपायचं ते झिरपत नाही, आणि पावाहारा होईल म्हणून सेन्पाई चूकही दाखवत नाही. पोरं म्हणतात कुणी काही शिकवत नाही, सेन्पाई म्हणतो सांगितलं तर तक्रार होते. दोघंही खरं बोलतात.

१५. मी ३८ ची, सिनिअर म्हणून जॉइन होतेय, पण जे शिकवणार ते २६ चे. कोण सेन्पाई?

मधूनच येणाऱ्यांसाठी हा साचा बनलेलाच नव्हता, त्यामुळे जपानी लोकही इथे चाचपडतात. कंपनीत आधी आलेला तो सेन्पाई, वय तुमचं जास्त. तोडगा असा की दोघांनीही एकमेकांशी आदरार्थी बोलायचं, दोघांनाही 'सान'. आणि पहिले सहा महिने 'आमच्या आधीच्या कंपनीत' हे शब्द तोंडातून काढू नका.

१६. पुण्यातल्या जपानी कंपनीत हेच सगळं चालतं का?

वरवर चालतं, 'चोउरेइ' म्हणजे सकाळची सभा होते, व्यायाम होतो, बोर्ड असतात. पण बघून शिकायला शेजारी माणूस टिकावा लागतो, आणि इथे जपानी साहेब काही वर्षांत परत जातो, आपला इंजिनियर दोन वर्षांत दुसऱ्या कंपनीत. म्हणून इथे मी एकच सुचवते, न सांगितलेलं लिहून काढा. एका कारखान्यात मी साहेबामागे तीन दिवस नुसती फिरले, तो कुठे थांबतो, कशाला हात लावून बघतो ते टिपलं, ४१ जागा निघाल्या. यादी दाखवली तर म्हणाला, यातल्या निम्म्या ठिकाणी मी थांबतो हे मलाच माहीत नव्हतं. मग वहीवर अजून दोन जागा स्वतःच्या हाताने लिहून दिल्या.